झाकलेले दप्तर



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात एखादा संप किंवा एखादा मोर्चा असावा. आमचे आयुष्य आधी जिनिंगच्या मजुरांत आणि पुढे कंत्राटी नोकरांत गेले. तेव्हा त्यांची अपेक्षा चुकीची नव्हती. आम्ही विषय कळविला तेव्हा ते जरा हिरमुसले. संगणक सुरू केल्यावर पडद्यावर जी लहान लहान चित्रे दिसतात, ज्यांना आपण सगळेच आयकॉन म्हणतो, ती दाखविण्याचा आणि झाकण्याचा इतिहास, असा तो विषय. हा काय वसंत व्याख्यानमालेत मांडावयाचा विषय झाला, असे आपल्यापैकीही कोणी मनात म्हणत असेल. आमचे उत्तर एवढेच की या चित्रांपायी एका मुलीची नोकरी जाता जाता वाचली, आणि तो प्रसंग आम्ही समोर बसून पाहिला आहे.

दहाबारा वर्षे झाली. कळंबच्या पंचक्रोशीतील एका कार्यालयात, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, ही मुलगी कंत्राटावर संगणक चालवीत असे. मार्चअखेरचे दिवस. सोमवारी सकाळी तिने यंत्र सुरू केले तो पडदा रिकामा. हिरवी टेकडी आणि वर निळे आकाश, एवढेच चित्र उरलेले. वर्षभराचे दाखले, याद्या, करवसुलीचे तक्ते तिने पडद्यावरच ठेवलेले होते. त्यातले एकही दिसेना. वरिष्ठ आले, त्यांनी पडदा पाहिला आणि निकाल दिला की हिने सगळे पुसून टाकले. पगार थकला म्हणून रागाने पुसले असेल, अशीही पुस्ती जोडली. दुपारपर्यंत 'कारणे दाखवा' नोटीस टाइप झाली. ती नोटीस टाइप करावयास दुसरा संगणक नव्हता, म्हणून ती त्याच यंत्रावर, त्याच मुलीकडून टाइप करून घेतली, ही गोष्ट आम्हांला अजून विसरता येत नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला. "भाऊ, म्या काहीच पुसलं नाही हो. पण दिसत नाही त म्या काय दाखवू?" आम्ही म्हणालो, "ताई, नोटिशीवर सही करू नका, आम्ही सकाळी येतो." सकाळी गेलो खरे, पण जाऊन करणार काय? आम्हांला यंत्रातले ज्ञान बेताचेच. सुदैवाने शेजारच्या गावची तिची एक मैत्रीण, तीही असेच काम करणारी, सोबत आली होती. तिने पडद्याच्या मोकळ्या जागेवर उजवे बटण दाबले, यादी उघडली, आयकॉन मांडण्याच्या ओळीवर बाण नेला, आणि आतल्या यादीत 'शो डेस्कटॉप आयकॉन्स' या ओळीपुढची बरोबरची खूण नाहीशी झालेली आम्हांस दाखविली. तिने त्या ओळीवर टिचकी मारली. वर्षभराचे दप्तर एका क्षणात टेकडीवर येऊन बसले.

कोणी काही बोलले नाही. वरिष्ठांनी चहा मागविला. रविवारी त्या खोलीत कोण बसले होते, याची चौकशी झाली नाही, आणि आम्हीही ती लावून धरली नाही. नोटीस फाडून घेणे हे आमचे काम होते आणि ते झाले. परंतु परत येताना बसमध्ये आमच्या डोक्यात प्रश्न घोळत राहिला. असले कसले हे मेज, की ज्यावरचे सामान एका खुणेसरशी नाहीसे होते आणि तरी जागच्या जागी असते? शाळा आमची सातवीत सुटली; पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा याही प्रश्नाचा पाठपुरावा आम्ही त्याच बाकावर केला.

प्रथम आपल्या घरच्या शब्दापासून सुरुवात करू. 'दप्तर' हा शब्द फारसीतून आला आणि आपण तो कार्यालयालाही लावला, कागदांच्या संग्रहालाही लावला आणि पोरांच्या पाठीवरच्या पिशवीलाही लावला. जुन्या कचेरीत कागद रुमालात बांधून ठेवीत. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, मोठा चौकोनी कपडा. त्यात कागद बांधले, गाठ मारली, फळीवर ठेवले, की ते दप्तर बंद झाले. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे असे हजारो रुमाल आहेत. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा हे दप्तर इंग्रजांच्या हाती गेले. त्यांनी ते जाळले नाही, फेकले नाही, जपून ठेवले. मात्र पाहू दिले नाही. १८५२ साली इनाम कमिशन बसले तेव्हा कोणाचे इनाम खरे आणि कोणाचे खोटे हे ठरविण्यासाठी सरकारने त्याच दप्तराचा आधार घेतला. ज्याची जमीन तपासावयाची त्याला दप्तर बंद आणि जो तपासणार त्याला उघडे, अशी ही व्यवस्था. पुढे इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांतल्या माळ्यांवरचे कागद गोळा करीत होते आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी काढला, तेव्हाही पुण्यातले ते सरकारी रुमाल संशोधकांना मोकळेपणी सोडता येत नव्हते. रियासतकार सरदेसाई यांच्या हाती ते काम आले आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापून निघाले. शंभर वर्षांहून अधिक काळ जे दिसत नव्हते, ते नव्हते असे नाही. फक्त गाठ सोडण्याचा अधिकार दुसऱ्याकडे होता.

आता समुद्रापलीकडे जाऊ, कारण पडद्यावरचे मेज तिकडे जन्मले.

अमेरिकेत झेरॉक्स कंपनीने १९७० साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एक संशोधन केंद्र काढले. नकला काढणाऱ्या यंत्रांची ही कंपनी. उद्या कागदच उरला नाही तर आपले काय, ही तिला धास्ती. तेथे १९७३ साली 'आल्टो' नावाचा संगणक तयार झाला. त्याला माउस होता. तो उंदीर डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ सालीच लोकांसमोर चालवून दाखविला होता. परंतु आम्हांला त्या केंद्राच्या इतिहासात यंत्रापेक्षा एक दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. बॉस्टनजवळ गिन नावाची पाठ्यपुस्तके छापणारी प्रकाशनसंस्था झेरॉक्सच्या मालकीची होती. लॅरी टेसलर आणि टिम मॉट या दोघांनी तेथील संपादकांचे आणि लेखनिकांचे काम जवळून पाहिले. कागद कापतात कसा, खळीने चिकटवितात कसा, फाइल कोठे ठेवतात, टाकाऊ कागद कोठे टाकतात. टेसलर यांनी तर नुकत्याच कामास लागलेल्या एका सेक्रेटरी बाईंना कोऱ्या पडद्यासमोर बसविले आणि मजकूर येथे दिसत असता तर तुम्ही काय केले असते, असे विचारले. बाईंनी जे सांगितले त्यातून 'कापा' आणि 'चिकटवा' या रोजच्या क्रिया घडत गेल्या. मॉट यांनी कार्यालयाची रूपरेषा चितारली. मेज, फायलींचे कपाट, टोपली.

म्हणजे हे मेज कोणा विद्वानाच्या डोक्यातून पडले नाही. ते कारकुनाच्या मेजावरून उचलले आहे. कामगाराला विचारून यंत्र बनविले तर ते जगभर चालते, हे सांगणारा याहून चांगला दाखला आम्हांला ठाऊक नाही. अर्थात त्या बाईंना त्याचा मोबदला कधी मिळाला नसणार, ही गोष्ट वेगळी.

चित्रांना 'आयकॉन' हे नाव डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांनी दिले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील त्यांचा १९७५ सालचा प्रबंध होता, त्यात हा शब्द आला. ग्रीक भाषेतला हा शब्द. पूर्वेकडील ख्रिस्ती देवळांतल्या पूज्य चित्रांना तो लावीत. स्मिथ पुढे झेरॉक्समध्ये आले आणि १९८१ साली 'स्टार' नावाचा संगणक बाजारात आला, त्याच्या पडद्यावर प्रथम खरेखुरे मेज मांडलेले होते. कागद, फोल्डर, फायलींचा खण, आणि दोन तबके. एक आलेल्या टपालाचे आणि एक जाणाऱ्या टपालाचे. हे वाचले तेव्हा आम्हांला हसू आले, कारण ही तर आपल्या कचेरीतली आवक आणि जावक! ब्रिटिश अमदानीपासून तहसिलीतला कारकून ज्या दोन नोंदवह्यांत मान घालून बसला, त्याच दोन वस्तू अमेरिकेतील सर्वांत आधुनिक यंत्रावर जाऊन बसल्या होत्या.

स्टारची किंमत १६,५९५ डॉलर होती. तो खपला नाही. त्यापूर्वी १९७९ साली अॅपल कंपनीची माणसे ते केंद्र पाहून गेली होती. १९८३ साली त्यांचा 'लिसा' आणि १९८४ च्या जानेवारीत 'मॅकिंटॉश' निघाला. मॅकिंटॉशची चित्रे सुझन केअर नावाच्या बाईंनी काढली. चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून, जशी आपल्याकडे बायका ठिपक्यांची रांगोळी काढतात तशी. ३२ घरे आडवी आणि ३२ घरे उभी, एवढ्यात कचऱ्याची टोपली ओळखू आली पाहिजे. आमच्या मते ही मोठी कारागिरी आहे.

सर्वसामान्यांच्या हाती मेज आले ते २४ ऑगस्ट १९९५ रोजी निघालेल्या विंडोज ९५ मुळे. आणि येथूनच आमच्या विषयाचा खरा भाग सुरू होतो. मेज मिळाले की माणूस ते भरतो. प्रत्येक नवा प्रोग्रॅम स्वतःचे एक चित्र आणून टाकी, ज्याच्या कोपऱ्यात लहानसा बाण असे. हे बाणवाले चित्र म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूकडे जाण्याची पाटी. पाटी काढली तर गाव नाहीसे होत नाही. बाण नसलेले चित्र मात्र बहुधा खरा कागद. आमच्या पाहण्यातल्या बहुतेक संगणक चालविणाऱ्यांना हा भेद कोणी सांगितलेलाच नाही. २००१ साली विंडोज एक्सपी आली तेव्हा कंपनीलाच पसाऱ्याची लाज वाटली असावी. नव्या यंत्रावर मेजावर टोपलीखेरीज काही ठेवले नाही, आणि ६० दिवसांत ज्या पाटीला हात लागला नाही ती उचलून एका फोल्डरात भरू का, असे यंत्र स्वतःच विचारू लागले. पुष्कळ लोक कंटाळून होय म्हणत आणि मग दोन दिवस शोधत बसत.

झाकण्याची सोयही याच घरात आहे. तिचे कार्य समजून घेणे कठीण नाही. मेज म्हणजे यंत्राच्या पोटातले एक साधे फोल्डर आहे. त्यात जे असेल त्याचे चित्र पडद्यावर काढावयाचे, एवढेच यंत्राला सांगितलेले असते. 'दाखवू नको' म्हटले की ते चित्र काढणे थांबवते. फोल्डरातल्या कागदाला हातही लागत नाही. दुसऱ्या वाटेने त्या फोल्डरात गेले की सगळे जसेच्या तसे दिसते. कळंबकरांना हे समजावयास कष्ट पडू नयेत. आपल्या चिंतामणीचे देऊळ जमिनीच्या पातळीखाली. पायऱ्या उतरल्याशिवाय दर्शन नाही. तेथल्या कुंडाचे पाणी काही वर्षांच्या अंतराने चढते आणि मग ओसरते. ओसरले म्हणून पाणी संपले, असे गावातले शेंबडे पोरही म्हणणार नाही. पण त्या सोमवारी शिकलेसवरलेले वरिष्ठ नेमके तेच म्हणाले.

आणखी एक झाकणे आहे, आणि ते आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. विंडोज ९५ पासूनच अशी व्यवस्था आहे की कार्यालयातल्या सर्व यंत्रांचा जो कारभारी असतो, त्याने एका जागी नियम लिहिला तर इतरांच्या मेजावरचे सर्व काही अदृश्य होते. येथे उजव्या बटणाचा उपयोग नाही. खूण लावणारा हात दुसऱ्या खोलीत, कधी दुसऱ्या शहरात असतो. ही सोय वाईट हेतूनेच केली असे आम्ही म्हणत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत पोरांनी नको तेथे बोटे घालू नयेत म्हणून ती उपयोगी आहे. परंतु इनाम कमिशनचे रुमाल आठवल्याशिवाय राहत नाहीत.

आता आमच्या चळवळीविषयी थोडे बोलतो, आणि ते कौतुकाचे नसेल. संगणकाला या देशातील कामगारांनी विरोध केला, ही गोष्ट आज थट्टेने सांगितली जाते. ती थट्टा आम्हांला मान्य नाही. साठीच्या दशकात कलकत्त्याला आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी यंत्र आत येऊ नये म्हणून इलाको हाउसवर पहारा ठेवला, तो पोटाच्या भीतीने. सरकारलाही प्रश्न गंभीर वाटला, म्हणून पुण्याच्या गोखले संस्थेचे प्राध्यापक वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनावर समिती बसली आणि तिचा अहवाल १९७२ साली आला. पुढे ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात करार झाला, तेव्हा कोणती यंत्रे कोठे बसावयाची हे वाटाघाटीने ठरले. यंत्रापुढे बसणाऱ्याला विशेष वेतन मिळाले. हे संघटनेचे यश आहे, आणि ते कोणी आपणांस दान दिलेले नाही.

परंतु आमची चूक अशी की आम्ही डोकी मोजली, पडदा पाहिला नाही. किती जागा जाणार, कोणाची बदली होणार, भत्ता किती, यावर आम्ही रात्री जागविल्या. पडद्यावर कामगाराला काय दिसणार, काय झाकले जाणार, आणि झाकणाऱ्याची नोंद कोठे राहणार, हे कलम कोणत्याही मागणीपत्रात आम्ही लिहिले नाही. आम्ही तरुणपणी संगणकाविरुद्ध घोषणा दिल्या तेव्हा संगणक कसा दिसतो हेही आम्हांस ठाऊक नव्हते. तो आम्ही प्रथम हाताळला पुष्कळ उशिरा. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन २००१ साली स्थापन झाले आणि त्याचा एमएससीआयटी हा अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला. सरकारी नोकरांना संगणकाची अर्हता सक्तीची झाली, ती नसेल तर वेतनवाढ अडू लागली, आणि आमचे सभासद तक्रारी घेऊन येऊ लागले. तेव्हा आम्हीही नाव घातले. दहावीच्या पोरांच्या मध्ये बसलो. आमचा हात इतका थरथरे की चित्रावर दोन टिचक्या पडण्याऐवजी चित्रच ओढले जाऊन भलत्या ठिकाणी पडे. शेजारचा पोरगा म्हणे, "काका, हळू." परंतु तेथेही आम्हांला चित्र उघडावयास शिकविले, झाकलेले कसे शोधावयाचे ते शिकविले नाही.

चित्राखालच्या नावाचाही एक इतिहास आहे, तो सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. कारण नाव वाचता आले नाही तर चित्र दिसूनही झाकल्यासारखेच. आपल्या वऱ्हाडातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली. तिच्या परम महासंगणकाची कीर्ती आपण ऐकली आहे. पण भारतीय लिप्या यंत्रावर आणण्याचे तिचे कामही तितकेच मोठे. विंडोज २००० मध्ये देवनागरी अंगभूत आली ती 'मंगल' या अक्षरवळणाने, आणि ते वळण सिद्ध करणारे र. कृ. जोशी हे मराठीतले कवी आणि सुलेखनकार. २००८ साली ते गेले. आपल्या तालुक्यातील कार्यालयांत पुढे चित्राखाली 'घरपट्टी' किंवा 'रहिवासी दाखला' अशी अक्षरे दिसू लागली, त्यांच्यामागे या कवीचा हात होता, हे फारच थोड्यांना माहीत आहे. त्यापूर्वी एका यंत्रावर मराठीत नाव दिलेली फाइल दुसऱ्या यंत्रावर नेली की खाली नुसते चौकोन दिसत. ते चौकोन पाहून कागद बिघडला समजून तो टोपलीत टाकल्याची उदाहरणे आम्ही स्वतः पाहिली आहेत.

झाकण्याची बाजूही ऐकली पाहिजे. दाखले देणाऱ्या केंद्रात पडद्यासमोर जसा चालविणारा बसतो तसा खिडकीतून नागरिकही डोकावतो. मेजावर नावानिशी आधार कार्डांच्या प्रती, बँकेची पासबुके, जातीचे दाखले मांडलेले. शेजाऱ्याचे काय चालले आहे हे वाचावयास गावात कोणाला आवडत नाही? अशा वेळी चित्रे झाकणारी मुलगी शहाणी म्हटली पाहिजे. फक्त तिने असे समजू नये की झाकले म्हणजे सुरक्षित झाले. ज्याला उजवे बटण ठाऊक आहे त्याला रुमालाची गाठ ठाऊक आहे. कागद मेजावरून उचलून आतल्या फोल्डरात, स्वतःच्या संकेतशब्दाच्या खात्यात ठेवणे हा खरा उपाय. मोठमोठ्या यंत्रकारांनाही हे मेज ठेवावे की काढावे याचा निकाल लागलेला नाही. लिनक्सवरच्या नोम या प्रणालीने २०१८ साली मेजावरची चित्रे काढूनच टाकली, आणि अॅपलने २०२३ साली मेजाच्या मागच्या पार्श्वचित्रावर टिचकी मारताच सर्व खिडक्या बाजूस सरून मेज दिसावे अशी योजना केली.

त्या नोटिशीनंतर आम्ही त्या कार्यालयात पत्र दिले. मागण्या तीनच होत्या. यंत्रावर बसणाऱ्या प्रत्येकाचे खाते वेगळे असावे. दप्तर हरवल्याचा आरोप ठेवण्यापूर्वी जाणत्या माणसाकडून यंत्र तपासून घ्यावे आणि त्या तपासणीच्या वेळी चालविणाऱ्याला हजर ठेवावे. आणि शनिवारी जाताना कोणत्या फोल्डरात किती फायली आहेत याची वहीत नोंद करून वरिष्ठांची सही घ्यावी. पहिली मागणी खर्च नसतानाही दोन वर्षे अडली. दुसरीवर लेखी उत्तर अद्याप नाही. तिसरी त्या मुलीने कोणाची वाट न पाहता पुढच्याच शनिवारी अमलात आणली. दोनशे पानी वही तिने स्वतःच्या पैशाने घेतली आणि सहीसाठी साडेपाच वाजता दारात उभी राहिली.

ती आता तेथे नाही. लग्न होऊन दारव्ह्याकडे गेली. गेल्या उन्हाळ्यात आम्ही सहज त्या कार्यालयात डोकावलो, तेव्हा तिच्या जागी एक नवा मुलगा होता. त्याला आमचे नाव ठाऊक नव्हते. ही वही कशासाठी, असे आम्ही विचारले, तेव्हा तो म्हणाला की ते त्याला माहीत नाही, पण चार्ज घेताना ती यादीत होती, म्हणून तो लिहितो. वही तिसरी चालू होती.